डॅड्स आर्मीचा पूर्ण डीव्हीडी सेट: मालिकेसाठी घ्या, आर्थर लोसाठी परत परत बघा

आधीच सांगते, हा रिव्ह्यू डॅड्स आर्मीच्या कम्प्लीट डीव्हीडी सेटचा आहे पण मी लिहिणारे मुख्यतः एका माणसाबद्दल. सगळे सीझन ओळीने बघून झाल्यावर माझं मत असं झालंय की युद्धावरची कॉमेडी म्हणून हा सेट चांगला आहेच, पण आर्थर लो नावाच्या नटाने एकच माणूस नऊ वर्षं कसा उभा केला हे सलग बघायला मिळतं, त्यासाठी तो जास्त मोलाचा आहे. बुटका, टकला, गोल चेहरा, चष्मा, मिशी, हिरो म्हणून कुणी दारात उभं केलं नसतं असा माणूस. ब्रिटिश नाटक-सिनेमात असे नट ढिगाने आहेत, चेहरा ओळखीचा असतो आणि नाव आठवत नाही. लोसुद्धा पन्नाशी उलटेपर्यंत जवळपास त्याच रांगेत होता.

ज्यांना मालिका माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे १९४०, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्यात, आता इंग्लंडवर उतरणार अशी भीती, आणि १४ मेला युद्धमंत्री अँथनी ईडन रेडिओवरून आवाहन करतो की सैन्यात नसलेल्या १७ ते ६५ वयाच्या पुरुषांनी गावाच्या रक्षणासाठी नावं नोंदवा. लोक धावत आले पण द्यायला धड बंदुका नव्हत्या, युनिफॉर्म नव्हते, दंडाला एक पट्टी बांधायची की झाला सैनिक. यालाच पुढे होम गार्ड नाव पडलं. जिमी पेरी स्वतः पोरवयात होम गार्डमध्ये होता, त्याने डेव्हिड क्रॉफ्टबरोबर ही मालिका लिहिली आणि बीबीसीवर ती १९६८ ते १९७७ चालली, एकूण ८० भाग. दक्षिण किनाऱ्यावरचं वॉल्मिंग्टन-ऑन-सी हे काल्पनिक गाव, तिथला बँक मॅनेजर जॉर्ज मॅनरिंग (स्पेलिंग बघून मेनवेअरिंग वाचाल, उच्चार मॅनरिंगच) पहिल्या भागात स्वतःच स्वतःला कॅप्टन करून टाकतो आणि कुणाला हरकत घ्यायला सुचायच्या आत पुढचा हुकूम सोडतो. हा मॅनरिंग म्हणजे आर्थर लो.

आता हा माणूस तिथवर आला कसा ते बघण्यासारखं आहे. जन्म १९१५ चा, डर्बीशायरमधल्या हेफील्डचा, वाढला मँचेस्टरला, वडील रेल्वेत होते. याला जायचं होतं व्यापारी जहाजांवर, पण नजर कमी म्हणून ते राहिलं. मग युद्ध, सैन्यात भरती, मिडल ईस्टमध्ये पोस्टिंग, तिथे सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून नाटकाची गोडी लागली आणि १९४५ ला, तिशीला टेकल्यावर, मँचेस्टरच्या रेपर्टरी कंपनीत पहिली पगारी नोकरी. रेपर्टरी म्हणजे काय चीज होती हे कळल्याशिवाय हे नट कळत नाहीत. आठवड्याला नवं नाटक, संध्याकाळी या आठवड्याचे प्रयोग आणि दिवसा पुढच्या आठवड्याची तालीम, आज पाद्री उद्या खुनी परवा कुणाचातरी सासरा. नखरे करायला वेळच नाही, माणूस कसा चालतो कसा बसतो टोपी कुठे ठेवतो हे झटपट ठरवायचं आणि उभं राहायचं. तिथेच जोन कूपर ही नटी भेटली, १९४८ मध्ये लग्न केलं. (मालिकेत पलटणीतल्या म्हाताऱ्या गॉडफ्रीची बहीण डॉली म्हणून दिसते ती हीच, लक्ष ठेवा.)

नंतर लंडनमध्ये म्युझिकल्स केली, सिनेमात किरकोळ कामं केली. १९४९ च्या काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स मध्ये अगदी शेवटी एक पत्रकार येतो, एवढंसं काम, तो लो. नाव झालं ते १९६० नंतर, कॉरोनेशन स्ट्रीट या टीव्ही मालिकेतल्या लेनर्ड स्विंडलीमुळे. स्विंडली कपड्यांच्या दुकानाचा मॅनेजर, चर्चमध्ये प्रवचनं देणारा, स्वतःला फार महत्त्वाचा समजणारा, आणि लग्नाच्या दिवशी नवरीच माघार घेते असा बिचारा. म्हणजे मॅनरिंगचा कच्चा आराखडा तिथेच तयार झाला होता असं मला तरी वाटतं. १९६५ पर्यंत ते केलं, मग त्याच पात्राची वेगळी मालिकाही झाली.

पण हे सगळं आयटीव्हीवर, म्हणजे बीबीसीच्या प्रतिस्पर्धी वाहिनीवर. त्यामुळे पेरीने लोचं नाव काढलं तेव्हा बीबीसीत उत्साह नव्हता, तो आपल्याकडे काम करत नाही असा सूर. त्याच्याआधी थॉर्ली वॉल्टर्स आणि जॉन पर्ट्वी यांना विचारून झालं होतं. शेवटी लोला जेवायला बोलावलं आणि तिथे हे महाशय म्हणाले की असल्या खुळचट सिचुएशन कॉमेडीत मला रस नाही, ते ह्यू अँड आय सारखं काहीतरी असेल तर मला ते अजिबात आवडत नाही. समोर बसलेला क्रॉफ्टच त्या ह्यू अँड आय चा प्रोड्यूसर होता! हा किस्सा पेरी आणि क्रॉफ्ट दोघंही पुढे मजेत सांगायचे. वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की अरे, हा तर मॅनरिंगच बोलतोय.

आणि मालिकेची खरी मेख कास्टिंगमध्येच आहे. कुणीही दुसऱ्याने केलं असतं तर उंच, रुबाबदार, उच्चभ्रू बोलण्याचा जॉन ल मेझुरिए कॅप्टन झाला असता आणि बुटका लो सार्जंट. इथे उलटं आहे. मॅनरिंग साध्या घरातला, ग्रामर स्कूलमध्ये शिकलेला, घासून घासून मॅनेजर झालेला. त्याचा हाताखालचा क्लार्क आणि सार्जंट विल्सन मात्र पब्लिक स्कूलवाला (तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे महागडी खाजगी शाळा, आपला गोंधळ होतो), नातेवाईक सरदार घराण्यातले, काहीही न करता सगळ्यांना आवडणारा. विल्सन हळूच विचारतो, "असं करणं शहाणपणाचं आहे का सर?" आणि मॅनरिंगचा चेहरा बघा, प्रश्नापेक्षा त्या आवाजातला सहजपणा त्याला जास्त झोंबतो. एका भागात विल्सनच्या नावापुढे ऑनरेबल ही सरदार घराण्यातली उपाधी लागते आणि ज्या गोल्फ क्लबात शिरायला मॅनरिंग वर्षानुवर्षं धडपडतोय तो क्लब आपणहून विल्सनला मेंबर करून घेतो. युद्ध बिद्ध बाजूला राहतं, हिटलरपेक्षा या दोघांतली वर्गाची भिंत जास्त दिसते, आणि मालिका टिकली ती त्यामुळे असं माझं ठाम मत आहे.

लोचं काम जवळून बघायचं असेल तर द डेडली अटॅचमेंट लावा, १९७३ चा भाग. जर्मन पाणबुडीचा कॅप्टन आणि त्याचे खलाशी कैदी म्हणून रात्रभर या मंडळींच्या गळ्यात पडलेत. कॅप्टन (फिलिप मॅडॉक, तोही काय थंड डोक्याने करतो) एक यादी बनवतोय, युद्ध जिंकल्यावर कुणाकुणाला बघून घ्यायचं त्याची, मॅनरिंगचं नाव आधीच टिपलंय. तेवढ्यात पोरगेला पाइक हिटलरवर टवाळ गाणं म्हणतो, कॅप्टन विचारतो याचं नाव काय, आणि मॅनरिंग कडाडतो, "सांगू नकोस त्याला, पाइक!" ब्रिटिश टीव्हीवरच्या सर्वात गाजलेल्या ओळींत ही गणली जाते. लिहून दाखवली तर साधीच वाटते. ती जमलीय कारण लो ते वाक्य विनोद म्हणून टाकतच नाही, आपल्या माणसाला वाचवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पूर्ण अधिकाराने, क्षणाचाही उशीर न लावता टाकतो. आपण मूर्खपणा केला याचा पत्ता मॅनरिंगला प्रेक्षकांनंतर लागला पाहिजे, आधी नाही, आणि लोने हे प्रत्येक भागात पाळलंय. कॅमेऱ्याकडे बघून मिश्किल हसणं नाही, बघा मी किती मजेशीर आहे असा भाव नाही. त्याच सीनमध्ये पुढे कैद्यांसाठी फिश अँड चिप्सची ऑर्डर घेताना शत्रूचा कॅप्टन चिप्स कुरकुरीतच हव्यात म्हणून बजावतो तेव्हाचा मॅनरिंगचा तोल जाणारा रुबाब पण बघा.

याच भागाबद्दल सांगतात की स्क्रिप्टमध्ये ग्रेनेड मॅनरिंगच्या पँटमध्ये टाकायचा होता, लोने साफ नकार दिला, मग तो पलटणीतल्या म्हाताऱ्या जोन्सच्या पँटमध्ये गेला. पँटीच्या बाबतीत लो फार कडक होता म्हणे. मला हा निव्वळ हट्ट वाटत नाही. मॅनरिंगची अब्रू गेली पाहिजे पण पँट नाही, पँट गेली की तो जोकर झाला आणि मग पुढच्या आठवड्यात त्याच्या हुकमात काय दम राहणार.

हट्टी होताच पण. स्क्रिप्ट घरी न्यायचा नाही, पाठ करायचा कंटाळा, तालमीला येऊन तिथेच काय ते. शेवटी क्रॉफ्टने त्याला दोन प्रती पाठवायला सुरुवात केली, एक उशीखाली ठेवून झोप, निदान झोपेत तरी काही डोक्यात उतरेल म्हणून. हे माहीत असल्यावर बघताना एक वेगळीच मजा येते, वाक्याआधी तो थांबतो, गाल फुगवतो, चष्मा सारखा करतो, त्यातलं अभिनय किती आणि पुढचं वाक्य शोधणं किती याचा पत्ता लागत नाही. लागू नये हेच बरं.

सेटमधला माझा सर्वात आवडता भाग मात्र १९७५ चा ख्रिसमस स्पेशल, माय ब्रदर अँड आय. मॅनरिंगचा भाऊ बॅरी गावात टपकतो, फिरता विक्रेता, दारुडा, आणि तोही रोल लोनेच केलाय. आतापर्यंत मॅनरिंग सांगत आलेला असतो की आमचे वडील म्हणजे शिंपीकामातले बडे प्रतिष्ठित गृहस्थ. बॅरी दोन मिनिटांत ते सगळं उघडं पाडतो, कसले प्रतिष्ठित, मागच्या गल्लीतलं मरतुकडं कापडदुकान होतं. आवाज तोच, अंगकाठी तीच, पण बॅरीचे खांदे सैल आहेत. मॅनरिंगचे खांदे कायम वर, हनुवटी बाहेर, जणू कुणी ना कुणी मोजमाप घेतंय. बॅरीला मोजमापाची पर्वाच नाही. एकाच घरातून एक जण असा निघाला आणि एक तसा, आणि दोघं एकमेकांना लाजतात, हे लोने नुसत्या शरीरातून दाखवलंय. दारूच्या गमतीजमती भरपूर आहेत, पण बॅरी त्याला तोंडावर टोमणे मारतो तेव्हा मला मॅनरिंगची दया आली. त्याने मागितलेली नसताना आली, हे महत्त्वाचं.

तसाच मम्स आर्मी, १९७० चा. पलटणीत बायकांना घेतात, त्यात मिसेस ग्रे येतात (कार्मेन सिल्व्हेरा), आणि मॅनरिंग चक्क प्रेमात पडतो. शेवटी रेल्वे स्टेशनवर तो तिला जाऊ नको म्हणून अक्षरशः विनवतो. अर्धा तास हसवून शेवटी हे असं समोर ठेवायचं म्हणजे हिंमत पाहिजे, आणि तिथेही लो रडूबाई होत नाही, ताठ उभं राहायचा प्रयत्न करतो आणि ते जमत नाही एवढंच. याची बायको एलिझाबेथ पूर्ण मालिकेत एकदाही तोंड दाखवत नाही, १९७२ च्या अ सोल्जर्स फेअरवेल मध्ये वरच्या बंकवर तिच्या वजनाने आलेला फुगवटा तेवढा दिसतो. त्याच भागात हे साहेब रात्री चीज टोस्ट हाणून झोपतात आणि स्वप्नात नेपोलियन होतात. नेपोलियनच, आणि समोर वेलिंग्टन म्हणून विल्सन. स्वप्नातसुद्धा हरतो हो तो.

बाकीच्यांबद्दल थोडंच लिहिते नाहीतर संपायचं नाही. म्हातारा गॉडफ्री झालेला अर्नल्ड रिडली पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत खरोखर जखमी झालेला माणूस, हे माहीत ठेवून १९६९ चा ब्रँडेड बघा, त्यात गॉडफ्रीने त्या युद्धात बंदूक धरायला नकार दिला होता हे कळल्यावर सगळे त्याला वाळीत टाकतात आणि मॅनरिंग त्यात सगळ्यात पुढे असतो. लोने तिथे मॅनरिंगला अजिबात गोड केलेलं नाही. म्हातारा जोन्स करणारा क्लाइव्ह डन सुरुवातीला फक्त ४८ वर्षांचा होता, तर लो ५२ चा, म्हणजे ज्याला आजोबा म्हणून सांभाळून घेतात तो कॅप्टनपेक्षा लहान. जॉन लॉरीचा स्कॉटिश फ्रेझर कायम धमाल.

तक्रारी पण आहेत. जोन्सच्या सुदानमधल्या जुन्या लढाईच्या गोष्टी आणि तिथल्या लोकांबद्दलचे त्याचे शब्द आज खटकतात, आपल्याला तर जास्तच, साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्यांना ते तसं गमतीचं वाटत नाही. त्याचं तेच तेच "घाबरू नका, घाबरू नका" सलग बघताना डोक्यात जातं. एका बैठकीत जास्त भाग बघू नका. १९७३ ला पलटणीतला काळाबाजारवाला वॉकर करणारा जेम्स बेक वारला, त्यानंतर ती चटक गेली आणि शेवटचे काही सीझन थोडे रेंगाळतात.

टेक्निकल बाजू. पहिले दोन सीझन ब्लॅक अँड व्हाइट, रंग १९६९ च्या तिसऱ्या सीझनपासून. कम्प्लीट म्हटलं तरी दुसऱ्या सीझनचे तीन भाग यात नाहीत कारण ते कुणाकडेच नाहीत, त्या काळात बीबीसी टेप पुसून परत वापरायची, त्यात गेले. आणखी दोन गेले होते, ते २००१ मध्ये परत सापडले आणि ते यात आहेत, प्रिंट थकलेली आहे पण चालते. रूम अ‍ॅट द बॉटम या भागाचा रंग उडून फक्त ब्लॅक अँड व्हाइट प्रत उरली होती, २००८ मध्ये तिच्यातून रंग परत काढला, त्यामुळे सेट घेताना कोणत्या सालचा आहे ते जरूर बघा. ब्रिटनमधल्या डिस्क रीजन २ च्या आणि पाल सिस्टिमच्या असतात, आपला प्लेयर त्या घेतो का ते आधी तपासा. आणि सबटायटल्स लावायला लाजू नका, फ्रेझरसाठी तर हवेतच.

आर्थर लोसाठी घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं की त्याचं अर्धं काम या सेटच्या बाहेर आहे. सिनेमातला त्याचा बाफ्टा (ब्रिटनचा मोठा सिनेमा-टीव्ही पुरस्कार) ओ लकी मॅन! साठी, त्यात तीन रोल केलेत (त्यातला एक काळा रंग फासून आफ्रिकन नेत्याचा, आज बघवत नाही). १९७४ ला जॉन गिलगुड प्रॉस्पेरो असताना शेक्सपिअरच्या टेम्पेस्टमध्ये हा दारुडा स्टेफानो होता, नॅशनल थिएटरचं प्रॉडक्शन. त्याच सुमाराला मिस्टर मेन या छोट्यांच्या कार्टूनला आवाज दिला, तिथल्या एका अख्ख्या पिढीला तो आवाज आधी भेटला आणि मॅनरिंग नंतर. पैसे मिळाल्यावर काय केलं तर अ‍ॅमेझॉन नावाची १८८५ सालची जुनी यॉट घेऊन तिची डागडुजी करत बसला. व्यापारी जहाजावर नाही जाता आलं, ही कसर अशी भरून काढली असावी.

शेवटची वर्षं फार चांगली नव्हती, तब्येत बिघडलेली, पण गावोगावचे नाटकाचे दौरे सोडले नाहीत आणि जोनला काम असेल तरच मी येतो असा आग्रह. १४ एप्रिल १९८२, दुपारी बर्मिंगहॅमहून टीव्हीवर लाइव्ह मुलाखत दिली, संध्याकाळी अलेक्झांड्रा थिएटरमध्ये प्रयोगाआधी मेकअप रूममध्ये कोसळला, पहाटे गेला, वय ६६. जोनने दौरा थांबवला नाही, त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी ती बेलफास्टला प्रयोग करत होती. काही लोकांना हे कोरडेपणाचं वाटतं, मला नाही वाटत, रेपर्टरीतली माणसं ती.

तर घ्यायचा का? इंग्रजी क्लास सिस्टिममध्ये काडीचा रस नसेल आणि वेगवान विनोदाची सवय असेल तर कुणाकडून तरी एखादी डिस्क मागून बघा आधी, पूर्ण सेटवर पैसे घालू नका. बाकी सगळ्यांनी घ्या, पण पहिल्या डिस्कपासून सुरुवात करू नका. आधी द डेडली अटॅचमेंट, मग मम्स आर्मी, मग माय ब्रदर अँड आय, या तिन्हीत मॅनरिंग आवडला तर मग सुरुवातीपासून ओळीने. आणि मध्ये एखादा भाग आवाज बंद करून फक्त लोकडे बघत बघा, विल्सन बोलत असताना तो काय करतो ते.